रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल: पथ्य व गोळ्या यांचा मेळ कसा घालावा

मधुमेह आणि वाढलेले कोलेस्टेरॉल बहुधा एकाच माणसाच्या वाट्याला येतात, म्हणून घरात दोन्हींसाठी एकच पथ्य सुरू होते आणि तिथेच गफलत होते. रक्तातल्या साखरेवर ताटाचा परिणाम थेट होतो. दुपारी काय जेवलो याचा हिशेब ती दोन तासांत दाखवते. कोलेस्टेरॉलचे तसे नाही. त्याचा मोठा भाग आपले यकृत स्वतःच तयार करते, त्यामुळे तेलकट खाणे पूर्ण सोडूनही एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारे कोलेस्टेरॉल, काही प्रमाणातच उतरते. म्हणून साखरेसाठी रोजच्या ताटावर बारीक लक्ष ठेवावे आणि एलडीएलसाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ती पथ्याच्या भरवशावर सोडू नये.

सुरुवात तपासणीच्या कागदापासून करावी. उपाशीपोटीची साखर 100 मिलिग्रॅमच्या आत असणे सामान्य मानतात आणि 126 किंवा अधिक असेल तर ते मधुमेहाचे लक्षण असते. एचबीए1सी ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि 6.5 टक्क्यांपासून मधुमेह धरतात. उपचार चालू असलेल्या बहुतेकांसाठी डॉक्टर 7 च्या आतले उद्दिष्ट ठेवतात, फार वय झालेल्यांसाठी ते थोडे सैलही ठेवतात. रक्तक्षय असेल तर एचबीए1सीचा आकडा फसवा निघू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिन कमी असल्यास तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एलडीएलच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: अहवालात शेजारी छापलेली मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. मधुमेह असणाऱ्याचे एलडीएल सहसा 100 च्या आत आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याचे 70 च्याही खाली आणायचे असते, त्यामुळे अहवालातला आकडा ठळक छापलेला नाही एवढ्यावरून निश्चिंत होऊ नये. आपले उद्दिष्ट किती, हे डॉक्टरांना विचारून त्या अहवालावरच लिहून ठेवावे.

आता ताटाकडे वळू. आपल्याकडे पान वाढले की आधी वरणभात, वर तूप आणि लिंबू, मग पोळीभाजी, अशी रीत अनेक घरांत आहे. मधुमेह असणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. आधी काकडी किंवा कोबीची कोशिंबीर, मग पालेभाजी आणि मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ खावी, त्यानंतर भाकरी किंवा पोळी घ्यावी आणि भात अगदी शेवटी, एक लहान वाटी. पदार्थ तेच राहतात, पण तंतू आणि प्रथिने आधी पोटात गेल्याने पिष्टाची साखर रक्तात सावकाश उतरते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात चालले तरी फरक पडतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर एके दिवशी जुन्या क्रमाने आणि दुसऱ्या दिवशी नव्या क्रमाने तेच जेवण घेऊन, पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजून पाहावी. आपल्या बोटातून आलेला आकडा माणसाला जितका पटतो, तितके कोणाचे सांगणे पटत नाही.

भाकरीबद्दलही थोडे स्पष्ट बोलायला हवे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांत मैद्यापेक्षा तंतू जास्त असतात, म्हणून त्या चांगल्याच. पण भाकरीतही पिष्ट असते आणि भाकरी म्हणजे औषध असे समजून तीन-तीन खाल्ल्या, तर साखर वाढणारच. गुळाचा चहा, मधाचे पाणी आणि खजुराचे लाडू यांचेही तेच आहे. साखरेऐवजी गूळ वापरला म्हणून रक्तातली साखर वाढायची थांबत नाही.

कोलेस्टेरॉलसाठी तेलाचे प्रमाण आणि प्रकार, दोन्ही पाहावे लागतात. चार माणसांच्या घराला महिन्याला दोन लिटर तेल पुरावे, असा अंदाज धरावा. शेंगदाणा, करडई किंवा राइस ब्रॅन तेल आलटून पालटून वापरावे. पाम तेल, खोबरेल आणि तूप यांत संपृक्त चरबी जास्त असते, म्हणून त्यांना हात आखडता ठेवावा. कोकणातल्या माणसाला ओले खोबरे पूर्ण सोडा असे सांगणे मला पटत नाही, पण रोजच्या आमटीत वाटप निम्मे करता येते. माझ्या मते खरी काळजी चहाबरोबरच्या खारी, टोस्ट आणि नानकटाईची करायला हवी, कारण त्यांत मैदा, साखर आणि वनस्पती तूप किंवा मार्जरीन एकत्र येते आणि दोन्ही दुखणी एकाच घासाने वाढतात. त्याऐवजी भाजलेले चणे किंवा मूठभर शेंगदाणे खावेत. जेवणात जवसाची चटणी असावी, आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली तळून न घेता कालवणात खावी. इसबगोलातील विद्राव्य तंतू एलडीएल थोडे खाली आणतात, पण ते भरपूर पाण्याबरोबर आणि गोळ्यांपासून दोन तास दूर घ्यावे.

उपवासाच्या दिवशी विशेष जपावे लागते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे खिचडीने साखर झपाट्याने चढते; आणि काहीच न खाणे तर काही गोळ्यांवर धोक्याचे ठरते. हे आमच्या घरी आम्हाला उशिरा कळले. आईला सकाळी ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू होती. एकादशीला तिने नेहमीप्रमाणे गोळी घेतली आणि बिनसाखरेच्या चहावर देवपूजेला बसली. अकराच्या सुमारास तिच्या कपाळावर घाम डवरला आणि हात इतका थरथरू लागला की निरांजनातली वात तिला नीट करता येईना. साखर मोजली तर 54 होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिला दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, 82 झाल्यावर दूध आणि राजगिऱ्याच्या लाह्या दिल्या. न खाता ती गोळी घ्यायची नाही, हे आम्हाला तोवर कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

म्हणून साखर 70 च्या खाली गेली की असेच साखरेचे पाणी देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज, म्हणजे पिष्ट आणि साखरेचे पचन मंदावणारी गोळी, चालू असेल तर साधी साखर लवकर काम करत नाही, तेव्हा ग्लुकोजची पावडर घरात ठेवावी. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

गोळ्यांच्या वेळा पाळल्या तर निम्मे त्रास टळतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर लगेच घ्यावी, म्हणजे मळमळ आणि जुलाब कमी होतात. ती वर्षानुवर्षे चालू असेल तर बी12 जीवनसत्त्व तपासून घ्यावे. एसआर किंवा एक्सआर असे लिहिलेली, म्हणजे पोटात सावकाश विरघळणारी गोळी फोडून किंवा कुटून घेऊ नये. तापात वा जुलाबात जेवण तुटले, तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे डॉक्टरांना फोन करून विचारावे आणि इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

अॅटोरव्हास्टॅटिन व रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या गोळ्या दिवसात कधीही चालतात. वेळ मात्र ठरावीक असावी. चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली की एलडीएल उतरलेले दिसते आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ लोक गोळी सोडतात. तो आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. ती बंद केली की यकृत पूर्वीसारखे काम करू लागते आणि काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल जुन्या जागी येते. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे खरे आहे, परंतु मधुमेहींना हृदयविकारापासून मिळणारे संरक्षण त्याहून कितीतरी मोठे असते. अंग, विशेषतः मांड्या आणि दंड, विनाकारण दुखू लागले किंवा लघवी गडद रंगाची झाली, तर लगेच कळवावे. गरोदरपणाचा विचार असेल तर तो आधी सांगावा. दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक दिले, तर चालू स्टॅटिनचे नाव त्यांना दाखवावे.

कारल्याचा रस किंवा मेथीचे पाणी घ्यायचे असेल तर तेही डॉक्टरांना सांगून घ्यावे आणि त्यासाठी गोळी बंद करू नये. औषधांचा खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात यांपैकी बहुतेक औषधे कंपनीच्या नावाऐवजी घटकाच्या (जेनेरिक) नावाने स्वस्त मिळतात. चिठ्ठीवरचे घटक आणि मिलिग्रॅम जुळवून घ्यावेत. डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी वर्षातून एकदा करावी, पाय मात्र रोज रात्री पाहावेत. डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या दोन आठवड्यांच्या नोंदींची वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि चुकलेल्या गोळ्यांचा खरा आकडा सोबत न्यावा, कारण तो दडवला तर डॉक्टर मात्रा वाढवतात.