स्टाफ कॉलेजने नक्की काय शिकवलं? लष्करी शिक्षणाच्या मूल्यमापनावर पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

डिफेन्स स्टडीजमध्ये एमए झालं, नेट निघाली, आता ‘भारतीय सैन्याधिकाऱ्यांच्या शिक्षणाचं मूल्यमापन’ असा विषय घेऊन पीएचडीला नाव नोंदवायचं, असं म्हणणारी चार-दोन मुलं दरवर्षी भेटतात. पुण्यात हे होणारच. खडकवासल्याला एनडीए ही प्रबोधिनी, दापोडीला लष्करी अभियंत्यांचं सीएमई, गिरीनगरला तंत्रज्ञान शिकवणारं मिलिट, वानवडीला लष्करी डॉक्टर घडवणारं एएफएमसी. विषय रोज बसमधून दिसतो, म्हणून सोपा वाटतो. तो सोपा नाही. अशक्यही नाही, पण पहिल्या वर्षी तुम्हाला तसं वाटणार आहे, हे धरून चाला.

कमिशन, पार्ट बी आणि पार्ट डी या बढतीच्या परीक्षा, मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांना वर्षभर शिकवणारं निलगिरीतल्या वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज, महूचा हायर कमांड कोर्स, दिल्लीचं एनडीसी म्हणजे नॅशनल डिफेन्स कॉलेज, ही अधिकाऱ्याच्या शिक्षणाची शिडी तुम्हाला पाठ असेल. ती पुन्हा सांगत बसत नाही. प्रबंधातही पहिली चाळीस पानं तिच्यावर घालवू नका. परीक्षक ती वाचत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. दहापैकी आठ प्रस्तावांत हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात असतं: ‘वेलिंग्टनहून उत्तीर्ण झालेले अधिकारी पुढे मोठ्या प्रमाणावर वरच्या पदांवर पोचतात, यावरून तेथील शिक्षणाची परिणामकारकता दिसून येते.’ माझ्याही प्रस्तावात होतं. समितीने ते पासही केलं, आणि ते किती पोकळ आहे हे कळेपर्यंत माझी प्रश्नावली छापून झाली होती.

वेलिंग्टनला जातं कोण? सैन्यदलातला अधिकारी तिथे सहज जात नाही. स्पर्धा परीक्षा असते. डावपेच, लष्करी इतिहास, कायदा, प्रशासन, चालू घडामोडी असे पेपर. दिवसभर युनिटचं काम, रात्री अभ्यास, आणि बायको-मुलं त्या काळात बहुधा सासरी किंवा माहेरी. एवढं करून जे निवडले जातात ते मुळातच चिकाटीचे, हुशार, आणि वर जायची भूक असलेले असतात. समजा शंभर जण बसले आणि वीस निवडले गेले. त्या वीस जणांना निलगिरीत नेऊन वर्षभर एक अक्षर न शिकवता नुसतं गोल्फ खेळवलं, तरी पंधरा वर्षांनी उरलेल्या ऐंशींपेक्षा त्यांच्यातलेच जास्त ब्रिगेडियर झालेले दिसतील. मग त्यांना ब्रिगेडियर गोल्फने केलं का?

हसू येतं, पण तुमचा प्रस्ताव नेमकं हेच म्हणतोय.

एवढ्यावर थांबत नाही. नावापुढे ‘पीएससी’, म्हणजे ‘पास्ड स्टाफ कॉलेज’, लागलं की नेमणुका बदलतात आणि महत्त्वाच्या स्टाफच्या जागा मिळतात. बढतीच्या बोर्डासमोर कोर्सच्या निकालालाही वजन असतं. म्हणजे शिक्का मिळाल्यामुळे संधी मिळते, संधी मिळाल्यामुळे बढती मिळते, आणि आपण ती बढती मोजून म्हणतो की शिक्षण चांगलं होतं. ज्या बोर्डाने शिक्क्याला गुण दिले, त्याच बोर्डाच्या निकालावरून शिक्क्याची किंमत ठरवायची! हे वर्तुळ आहे. त्यातून कितीही टक्केवारी काढली तरी हाती काही लागत नाही.

मी आता प्रत्येक नव्या मुलाला वहीत तीन शब्द एकाखाली एक लिहायला लावते: निवड, शिक्का, शिक्षण. तुम्हाला दिसणाऱ्या प्रत्येक चांगल्या परिणामात हे तिन्ही मिसळलेले असतात. तुमचा विषय फक्त तिसरा आहे. पहिले दोन बाजूला काढता आले नाहीत, तर तुम्ही शिक्षणाचं मूल्यमापन केलंच नाही, फक्त हुशार माणसं हुशार असतात हे सिद्ध केलंत.

हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये. प्रत्येक क्लासच्या फ्लेक्सवर ‘आमचे इतके विद्यार्थी’ असतं, आणि त्यांनी आधी नव्वद टक्केवालेच वेचून घेतले होते हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. तरी लष्कराचं नाव आलं की आपली ही अक्कल गहाण पडते. औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, एसपीआय घ्या, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणारी सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट. राज्य सरकारने १९७७ साली काढलेली ही संस्था दहावीनंतरच्या मुलांना लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊनच आत घेते. तिथून किती मुलं एनडीएत गेली, हा आकडा अभिमानाचा जरूर आहे. त्यावरून तिथल्या शिकवण्याबद्दल मात्र थेट काही म्हणता येत नाही. संस्था चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. आकडा कशाचा आहे, एवढाच मुद्दा आहे. एनडीएचंही तेच. लेखीला ९०० गुण आणि एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला, ९०० अशी चाळणी लावून झाल्यावर खडकवासल्याची तीन वर्षं सुरू होतात.

मग करायचं काय? पुस्तकी उत्तर असं की कटऑफच्या जेमतेम वरचे आणि जेमतेम खालचे अधिकारी घ्या आणि त्यांची तुलना करा. उत्तर बरोबर आहे, पण ते गुण तुम्हाला कोणी देणार नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकाल तर देशाच्या सुरक्षेचं कलम ८(१)(क) दाखवून किंवा ही वैयक्तिक माहिती आहे म्हणून परत येईल, अशीच तयारी ठेवा. त्यावर वर्ष घालवू नका.

हाताशी येणारा मार्ग वेगळा आहे, आणि तो कोणी घेत नाही. जे वेलिंग्टनला गेले नाहीत त्यांना भेटा. सगळे संशोधक पीएससी अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतात, कारण ते सापडतात, बोलतात आणि त्यांची नावं ऋणनिर्देशात शोभून दिसतात. परीक्षेला बसून न निवडला गेलेला, कर्नल म्हणून निवृत्त झालेला माणूस पुण्यातल्या साळुंके विहारमध्ये संध्याकाळी फेऱ्या मारत असतो. त्याला कोणी विचारायला गेलेलं नसतं.

अशाच एका सरांकडे मी गेले होते. साताऱ्याकडचे, बोलणं खणखणीत. सुरुवातीला म्हणाले, “अगं, मी तर नापास कॅटेगरी. माझ्याकडून काय घेणार तू?” मग आतून एक जाड, शिवण उसवलेली वही आणली. ब्रह्मदेशातल्या १९४४-४५ च्या मोहिमेची टिपणं होती. प्रत्येक पानावर हाताने काढलेला नकाशा, लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवलेला, नद्या वेगळ्या शाईत. समासात स्वतःलाच विचारलेले प्रश्न होते: इथे रसद कशी पोचली? हा पूल का सोडला? ते म्हणाले, “दोन वर्षं हे केलं. सिलेक्शन नाही झालं. पण पुढे बटालियनचं ट्रेनिंग माझ्याकडे आलं, तेव्हा ही वही उघडूनच शिकवलं.”

त्या दिवशी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण बदललं. वेलिंग्टनच्या शिक्षणाचा मोठा हिस्सा वेलिंग्टनच्या बाहेर, परीक्षेच्या तयारीत होतो, आणि तो न निवडलेल्यांनाही मिळतो. तुम्ही गेलेले आणि न गेलेले असे दोन गट केलेत आणि फरक कमी निघाला, तर त्याचा अर्थ कोर्स कुचकामी असा होत नाही. परीक्षेनेच दोघांनाही शिकवलं असेल. हे प्रश्नावलीत पकडायचं असेल तर तयारीचा काळ आणि कोर्सचा काळ वेगवेगळे विचारा. एकाच प्रश्नात गुंडाळू नका.

याला जोडूनच पीसीकेबद्दल. ‘प्रीव्हियस कोर्स नॉलेज’ हा प्रकार प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक असतो: आधीच्या तुकडीने पुढच्या तुकडीला दिलेली उत्तरं. डिरेक्टिंग स्टाफचं, म्हणजे कोर्सवर शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांचं, अधिकृत उत्तर, ज्याला सगळे ‘पिंक’ म्हणतात, ते आधीच हाती असेल तर सिंडिकेटमधली, म्हणजे छोट्या अभ्यासगटातली, चर्चा कशाची चालते, हे तुम्हीच ओळखा. अशा कोर्समधल्या गुणांवरून किती शिकले हे ठरवताना दहादा विचार करा. मुलाखतीत पीसीकेचा विषय काढलात की निवृत्त अधिकारी आधी हसतात आणि मग खरं बोलायला लागतात. माझ्या अनुभवात यापेक्षा चांगला प्रश्न नाही.

आता प्रशिक्षणाचा परिणाम मोजण्याच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या. प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. १९५९ पासूनचं हे प्रारूप प्रत्येक प्रबंधात दुसऱ्या प्रकरणात येतं आणि तिथेच मरतं. पुढे प्रत्यक्षात मोजलेली असते फक्त पहिली पायरी: ‘कोर्स कसा वाटला?’ गणवेशातला माणूस या प्रश्नाला ‘उत्तम’ असंच लिहिणार. त्याच्यावर वरिष्ठ आहेत, त्याचा कोर्स रिपोर्ट कुठे तरी जायचाय. गूगल फॉर्मवर पाचपैकी साडेचार सरासरी आली म्हणून नाचू नका. ‘कोर्सनंतरच्या पहिल्या नेमणुकीत असं एक काम सांगा जे आधी जमलं नसतं, आणि ते तुम्हाला कोणत्या सत्रामुळे जमलं’ असं विचारा. बरेच जण गप्प बसतात. ती शांतता टिपून ठेवा, तीही माहितीच आहे. एका अधिकाऱ्याने बराच विचार करून सांगितलं की सत्र एकही आठवत नाही, पण सिंडिकेटमधल्या नौदलाच्या मित्राला पुढे रात्री अकरा वाजता फोन करता आला आणि काम झालं. तिन्ही दलं एकत्र शिकवण्याचा खरा फायदा हाच असू शकतो, आणि तो कोणत्याही परीक्षेत दिसत नाही.

गाईडबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगते. निवृत्त अधिकाऱ्याला एकमेव मार्गदर्शक करू नका. दारं उघडतात, फोन होतात, सगळं खरं. पण स्वतःच्या कॉलेजवर टीका ऐकायची वेळ आली की तेच दार हळूच लोटलं जातं. याउलट ज्याने आयुष्यात कधी सँड मॉडेल, म्हणजे वाळूत मांडलेली रणभूमी, हेही पाहिलं नाही असा नुसता शिक्षणशास्त्राचा प्राध्यापकही अर्धवटच. मला दोघंही लागले आणि दोघांचं एकमेकांशी पटलं नाही. त्या भांडणातून प्रबंध सुधारला. आणि पैसे घेऊन एसपीएसएस या सॉफ्टवेअरवर आकडेमोड ‘करून देणारे’ जे असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते तुम्हाला सुंदर तक्ते देतील आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला घाम फुटेल.

कागदपत्रांचं तसं फार रडू नका. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल उघड आहेत, कॅगचे आहेत. यूएसआय, म्हणजे युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन, ही संस्था १८७० सालची, आणि तिच्या नियतकालिकात अधिकाऱ्यांनीच आपल्या शिक्षणावर सडकून लिहिलंय. देवळालीला १९०५ साली सुरू झालेलं आणि १९०७ मध्ये क्वेट्ट्याला गेलेलं स्टाफ कॉलेज, फाळणीनंतर वेलिंग्टनला उभं राहिलेलं त्याचं भारतीय रूप, हा इतिहासही वाचायला भरपूर मिळतो. तुलनेसाठी अमेरिकेचा १९८९ चा स्केल्टन समितीचा अहवाल घ्या. खासदारांनी लष्करी कॉलेजांत जाऊन विचारलं की लेखी परीक्षा आहेत का, शिक्षक कसे निवडता, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती. आपल्याकडे पदवी देणारी विद्यापीठं बाहेरची आहेत, एनडीएला जेएनयू, वेलिंग्टनला मद्रास विद्यापीठ, सिकंदराबादच्या सीडीएमला (कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट) उस्मानिया, पण ती पदवीपुरतं बघतात. लष्करी भाग बघणारं बाहेरचं कोणी नाही. २०१३ मध्ये गुडगावजवळ बिनोला इथे संरक्षण विद्यापीठाची कोनशिला बसली, त्यावरही एक प्रकरण होऊ शकेल.

एक सक्त ताकीद. प्रेमाने कोणी ‘हे घे, वाच’ म्हणून ‘प्रतिबंधित’ शिक्का असलेली पुस्तिका दिली तर हात लावू नका, फोटोही काढू नका. शासकीय गुपिते कायदा १९२३ चा आहे आणि तो पीएचडीच्या विद्यार्थ्यालाही लागू होतो.

नव्या विषयांच्या शोधात असाल तर एनडीएतल्या मुली. २०२२ मध्ये पहिली तुकडी आली, मे २०२५ मध्ये १७ जणी बाहेर पडल्या. विषय उत्तम आहे, पण वहीतले तीन शब्द आधी काढा. या मुली प्रचंड स्पर्धेतून आल्यात आणि संख्या सतरा आहे. त्यांच्या यशावरून अकादमीने काय शिकवलं हे आज कोणीही सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू नका. पुढच्या दोन-तीन तुकड्यांची माहिती आतापासून एकाच पद्धतीने जमवायला लागा. परवानगीचं पत्र विभागप्रमुखांच्या सहीने पाठवा, सोबत प्रश्नावली जोडा, आणि उत्तर येईपर्यंत निवृत्तांच्या मुलाखती उरकून घ्या.