राजकीय मालिकेसाठी लिहिताना: सही कोण करतंय?

राजकीय मालिकेवर काम करायला आलेली मुलं पहिल्या आठवड्यात हमखास भाषणं लिहून आणतात. टाळ्याखाऊ असतात, काही तर खरंच चांगली असतात. मी वाचते आणि विचारते, "बरं, या सीनमध्ये सही कोण करतंय?" त्यावर सहसा उत्तर येत नाही.

मी रिसर्चर म्हणून या कामात शिरले, पुढे संवाद लिहायला लागले. आमची एक मालिका महाराष्ट्रातल्या एका काल्पनिक सरकारच्या पडझडीवर होती. तिच्यावर काम करताना एक गोष्ट पक्की झाली. सरकार अडचणीत येतं तेव्हा नाट्य कागदाभोवती घडतं. पत्र कोणी लिहिलं, कोणाच्या सहीनं गेलं, कोणाच्या टेबलावर किती वाजता पोचलं, हे ठरलं की अर्धा एपिसोड उभा राहतो. उरलेल्या अर्ध्यासाठी माणसं लागतात, आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली सुचतील.

२०१९चंच घ्या. २४ ऑक्टोबरला निकाल, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी उरकला. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती पहाट. लेखकानं मात्र राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांच्या यादीकडे बघावं. विधिमंडळ पक्षाचे नेते म्हणून ती अजित पवारांच्या हाती होती, आणि तीच पाठिंबा म्हणून राज्यपालांपुढे गेली. त्या सह्या पक्षाच्या अंतर्गत कामासाठी घेतल्या होत्या, असं शरद पवारांनी त्याच दिवशी पत्रकारांना सांगितलं. सह्या त्याच, पण वर कुठलं पत्र जोडलं यावर सगळा अर्थ फिरतो. मला हे लिहायला मिळालं तर मी दुसऱ्या एपिसोडमध्ये चहा-बिस्किटांच्या गडबडीत सह्या घेऊन टाकीन. पाचव्यात तोच कागद राज्यपालांच्या टेबलावर दिसेल. मध्ये त्याचा उल्लेखही नको.

२०२२मध्ये तर पेरणी सव्वा वर्ष आधी झाली होती. फेब्रुवारी २०२१मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचं अध्यक्षपद सोडलं आणि ती खुर्ची रिकामीच राहिली. तेव्हा ती बातमी आतल्या पानावरची वाटायची. जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन आधी सुरत आणि मग गुवाहाटीला गेले, तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीची किंमत कळली. १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या त्या उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी. बंडखोरांचं म्हणणं असं की, आम्ही तुम्हालाच हटवण्याची नोटीस दिली आहे, तेव्हा तुम्ही आमचा निवाडा कसा करणार? या म्हणण्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या नबाम रेबिया निकालाचा आधार होता. झिरवाळांनी न्यायालयात सांगितलं की ती नोटीस अनोळखी ईमेलवरून आली आणि तिच्या खरेपणाची खात्री नव्हती, म्हणून फेटाळली. एका राज्याचं सरकार एका ईमेल पत्त्यावर अडकलेलं! हे मी मनानं लिहून नेलं असतं तर आमच्या क्रिएटिव्ह हेडनं "लॉजिक?" असा शेरा मारून परत पाठवलं असतं.

शेवटही बघण्यासारखा आहे. राज्यपालांनी ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितलं, २९च्या रात्री सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती नाकारली आणि उद्धव ठाकरे यांनी फेसबुक लाइव्हवरून राजीनामा जाहीर केला. पडद्यावर हा भावनेचा कळस, पार्श्वसंगीतासकट. पण ११ मे २०२३च्या निकालात घटनापीठानं काय म्हटलं? राज्यपालांचं ते पाऊल चुकीचं होतं, पण ठाकरे सभागृहात मतदानाला सामोरे न जाता पायउतार झाले, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. राजीनाम्याच्या त्या एका कागदाचा खरा अर्थ दहा महिन्यांनी लागला. मालिकेच्या लेखकाला दुसऱ्या सीझनसाठी याहून चांगली ठिणगी कुठे मिळणार?

आता कायद्याबद्दल, आणि इथे घाई करू नका. तुमची कथा कुठल्या साली घडते त्यावर तुमच्या खलनायकाला किती आमदार फोडावे लागतील हे ठरतं. समजा, कथेतल्या पक्षाचे ६० आमदार आहेत. काळ १९७८चा असेल, म्हणजे वसंतदादांचं सरकार पडून शरद पवार १८ जुलैला मुख्यमंत्री झाले तो, तर पक्षांतरबंदी कायदाच नाही. कोणीही उठावं आणि पलीकडे जाऊन बसावं, आमदारकी शाबूत. १९८५मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा आला. तिथून एक तृतीयांश फुटले तर 'फूट' ग्राह्य, म्हणजे २० डोकी हवीत. छगन भुजबळ १९९१मध्ये शिवसेनेतून बाहेर पडले ते याच काळात. २००३च्या ९१व्या दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांश, म्हणजे ४० हवेत, आणि तेही विलीनीकरणाच्या, म्हणजे दुसऱ्या पक्षात विलीन होण्याच्या वाटेनं.

वीसचे चाळीस झाले की कथेचा पोतच बदलतो. वीस माणसं एका बंगल्यात मावतात, सगळी एकमेकांना ओळखतात, गुपित टिकतं. चाळीस जणांसाठी हॉटेल लागतं, बसेस लागतात, चार्टर विमान लागतं, फोन गोळा करणारा माणूस लागतो, आणि त्यातले निदान पाच जण रोज रात्री "मला घरी सोडा" म्हणणारे निघतात. म्हणून हल्लीच्या राजकीय कथांमध्ये रिसॉर्ट येतोच. निर्मात्यालाही तो परवडतो: एक लोकेशन, भरपूर पात्रं, बाहेर जायची बंदी. गुवाहाटीहून शहाजीबापू पाटलांचा "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हा फोन व्हायरल झाला, तेव्हा आमच्या ओळखीतल्या प्रत्येक संवादलेखकाला जरा असूया वाटली असणार. सत्तासंघर्ष ऐन भरात असताना माणूस हॉटेलची तारीफ करतोय, हे टेबलावर बसून सुचत नाही.

सभागृहाचं कामकाज शिकायला मात्र बसावंच लागतं. आमदाराच्या ओळखीनं प्रेक्षक गॅलरीचा पास काढा आणि अधिवेशनात एक अख्खा दिवस काढा. जमलं तर हिवाळ्यात नागपूरला जा. तिथे आमदार, पीए, पत्रकार, मोर्चेकरी असे सगळे एकाच गावात कोंबलेले असतात आणि चहाच्या टपरीवर जे कानावर पडतं ते मुंबईत पडत नाही. मग विधिमंडळाच्या संकेतस्थळावरचं कार्यवृत्त वाचा. विधानसभेत बोलणारा प्रत्येक जण अध्यक्षांना उद्देशून बोलतो. समोरच्या बाकावरच्या माणसाला शिवी द्यायची तरी "अध्यक्ष महोदय" म्हणूनच सुरुवात. परिषदेत तिथे "सभापती महोदय" येतं, आणि हे चुकलं की मंत्रालय बीटचा, म्हणजे रोज तिथल्या बातम्या करणारा पत्रकार दुसऱ्या मिनिटाला चॅनेल बदलतो. हरकतीचा मुद्दा, लक्षवेधी, तालिका अध्यक्ष (अध्यक्ष नसताना आसनावर बसणारे आमदार), व्हिप (पक्षाचा आदेश), राजदंड पळवणं, या गोष्टी तुमच्या तोंडात बसायला हव्यात.

आमच्या मालिकेत विश्वासदर्शक ठरावाचा सीन गोरेगावच्या सेटवर झाला. विधान भवनाच्या आत शूटिंग मिळेल हे कधीच गृहीत धरू नका. २८८ बाकांचं सभागृह बांधायला कोणीही पैसे देत नाही, म्हणून कला दिग्दर्शकानं एक कोपरा आणि अध्यक्षांचं आसन एवढंच उभं केलं होतं. चाळीसेक ज्युनिअर आर्टिस्ट आलटून पालटून सत्ताधारी आणि विरोधक व्हायचे. जॅकेट बदला, उपरणं बदला, चष्मा चढवा, बसा पलीकडे. आम्ही शिरगणती घेतली होती, म्हणजे एकेक आमदार उभा राहून आपला क्रमांक पुकारतो. जुलै २०२२मध्ये शिंदे सरकारनं १६४ विरुद्ध ९९ असा ठराव जिंकला, तेव्हाही मोजणी अशीच झाली होती. कागदावर कंटाळवाणं वाटतं. पण १४३ म्हणणारा उभा राहिला, १४४ म्हणणारा उभा राहिला आणि पुढचा माणूस दोन सेकंद उठलाच नाही, की सेटवरचे लाइटमनसुद्धा मान वळवून बघायला लागले. बहुमताचा आकडा १४५. त्या सीनमध्ये संवाद म्हणून फक्त आकडे होते. आमच्या एडीनं, म्हणजे सहाय्यक दिग्दर्शकानं, कुठल्या टेकमध्ये कोण कुठला आकडा बोलला याचा तक्ता भिंतीवर चिकटवला होता. तो नसता तर एडिटिंगमध्ये एकच माणूस दोन्ही बाजूंनी मतदान करताना दिसला असता. तसंही असे प्रेक्षक असतातच, जे थांबवून थांबवून मोजतात.

त्याच सेटवर समर्थनाचं पत्र प्रॉप म्हणून आलं, तेव्हा सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनानं आणि एकाच वळणाच्या होत्या. क्लोजअप असल्यामुळे ते परत करून घेतलं. नाव, मतदारसंघ, सही असे रकाने, वर लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख. सह्या युनिटमधल्या वेगवेगळ्या माणसांकडून घेतल्या. स्पॉटदादांची सही सगळ्यात आमदारासारखी निघाली.

लीगलच्या, म्हणजे स्क्रिप्ट तपासणाऱ्या वकिलांच्या शेऱ्यांना कंटाळू नका. पात्रांची नावं आणि मतदारसंघ खऱ्या आमदारांशी जुळत नाहीत ना, पक्षाचं चिन्ह निवडणूक आयोगाच्या यादीत नाही ना, झेंड्याच्या रंगांची जोडी कुणाची आठवण करून देत नाही ना, हे सगळं तपासलं जातं. राजमुद्रेच्या वापरावर २००५चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे सेटवरच्या खुर्चीमागे काय लावायचं हे कला विभागानं वकिलाला विचारूनच ठरवावं. आणि मंत्र्यांच्या गाडीवर लाल दिवा दाखवू नका, तो १ मे २०१७ला गेला. कथा त्याआधीची असेल तर खुशाल लावा.

चॅनेलकडून एक मागणी येणारच: मुख्यमंत्र्यांच्या घरातलं भांडण वाढवा, सुनेला काहीतरी द्या. मी एका ठिकाणी यावर बराच वाद घातला आणि हरले, पण हरताना एक उपयोगी गोष्ट हाती लागली. घरातल्या सीनमध्येही कागद ठेवता येतो. राजीनाम्याचा मसुदा सुनेनं टाइप केला, तर ती आपोआप कथेत येते. तिला वेगळं प्रेमप्रकरण द्यावं लागत नाही.

कामाला सुरुवात रिसर्चर किंवा असोसिएट रायटर म्हणून करा. पहिले काही महिने तुम्ही टाइमलाइन, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं आणि वन-लाइन (एकेका सीनची एका ओळीतली यादी) एवढंच कराल, ते मन लावून करा. मुलाखती घ्यायच्या तर मंत्र्यांच्या मागे धावू नका. ते तुम्हाला टीव्हीवर सांगितलेलंच सांगतील. निवृत्त पीए, विधिमंडळ सचिवालयात नोकरी केलेली माणसं, बीटवरचे जुने वार्ताहर यांना भेटा, आणि "त्या रात्री जेवण कुठून आलं होतं?" असले प्रश्न विचारा. जेवणाबद्दल बोलताना माणूस सैल होतो आणि त्या खोलीत कोण कोण होतं ते सांगून जातो. नाव छापणार नाही असा शब्द दिलात तर तो पाळा. या वर्तुळात सगळे सगळ्यांना ओळखतात.

नमुना पाठवायचा असेल तर तीन-चार पानांचा एकच सीन पाठवा. पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन ऑनलाइन नोंदणी करून ठेवा. करारात कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयं वेगवेगळी असतात आणि रिसर्चचं श्रेय तर बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. ते सही करण्याआधी मेलवर मागून घ्या. पहिला एपिसोड लॉक झाल्यावर मागितलंत तर "पुढच्या सीझनला बघू" असं उत्तर येतं.