कमी दिवसांच्या बाळाचं पोट आणि जंतुसंसर्ग: आईबाबांच्या हातात काय आहे

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ कमी दिवसांचं म्हणतात. पण आतड्याच्या गंभीर आजाराची खरी धास्ती असते ती ३२ आठवड्यांआधी आलेल्या आणि दीड किलोपेक्षा हलक्या बाळांना. आजाराचं नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. वॉर्डात सगळे एनईसी म्हणतात. आतड्याचं अस्तर अजून कच्चं असतं. जंतू त्यातून भिंतीत शिरतात, सूज येते, रक्तपुरवठा तुटतो, आतड्याचा तुकडा मरतो आणि कधी भोकही पडतं. बाळ सावरलं, दूध पचू लागलं, असं वाटतं नेमकं तेव्हाच, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, हा आजार डोकं वर काढतो. त्यामुळे पहिला आठवडा नीट गेला म्हणून ढिलाई नको.

दूध

एनईसी टाळायला आईच्या दुधाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. पावडरच्या दुधावर हा धोका स्पष्टपणे वाढतो. बाळ काचेच्या पेटीत असलं तरी बाळंतपणानंतर शक्यतो तासाभरात आणि उशिरात उशिरा सहा तासांत दूध काढायला सुरुवात करा. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी, दिवसाकाठी ८ ते १२ वेळा काढा. रात्री एकदा तरी उठाच. रात्रीची खेप चुकली की पान्हा आटायला लागतो. पहिल्या दोन दिवसांत चिकाचे दोन-चार मिलीच निघतात. ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून ते फेकू नका. नळीने दूध सुरू व्हायच्या आधीही त्यातले थेंब परिचारिका बाळाच्या गालांच्या आतल्या बाजूला लावू शकतात. तसं त्यांना आवर्जून विचारा.

हाताने काढताना अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटिमीटरवर ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा, पुन्हा दाबा. बोटं कातडीवरून घासत पुढे ओढू नका. त्याने दूध वाढत नाही, फक्त सालटं निघतात. दूध काढण्यापूर्वी हात साबणाने धुवा. स्तनांना दर वेळी साबण लावायची गरज नाही, रोजची अंघोळ पुरते. झाकणाची स्टीलची वाटी किंवा डबी धुऊन, पूर्ण बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि पुसू नका, तशीच निथळू द्या. फडक्यानेच जंतू परत येतात.

डबीवर आईचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर थेट फ्रिजच बरा. फ्रिजमध्ये मागच्या फळीवर ठेवा, दारात नको. रुग्णालयातल्या बाळासाठी फ्रिजचं दूध २४ तासांत वापरायची शिस्त ठेवावी. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. डबी कोमट पाण्यात धरली की पुरे. उरलेलं दूध पुढच्या वेळेला नको.

आईचं दूध कमी पडलं तर पावडरच्या डब्याआधी मानवी दूधपेढीची चौकशी करा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढीत दात्या आईच्या रक्ताची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं. नात्यातल्या बाळंतिणीचं कच्चं दूध आणून देणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यातून एचआयव्हीसारखा संसर्ग येऊ शकतो.

दूध वाढवण्याचा वेग डॉक्टर ठरवतात. सुरुवात बहुधा दर किलोमागे दिवसाला १०-२० मिलीने होते, मग रोज २०-३० मिलीने वाढवत १५० ते १८० पर्यंत नेतात. ‘लवकर वाढवा, वजन येईना’ अशी घाई करू नका. प्रोबायोटिक (‘चांगल्या’ जंतूंचं औषध) किंवा कुणी सुचवलेलं टॉनिकही मनाने आणून देऊ नका. कमी दिवसांच्या बाळात प्रोबायोटिकमधलेच जंतू रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

हात

जन्मल्यापासून ७२ तासांत दिसणारा संसर्ग बहुतेकदा आईकडून आलेला असतो. त्यानंतरचा येतो हातांवरून, शिरेतल्या नळ्यांवरून, उपकरणांवरून. आपल्याकडच्या रुग्णालयांत क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू वरचढ असतात, आणि ते अनेक औषधांना दाद देत नाहीत. म्हणून आत जाताना अंगठी, घड्याळ, बांगड्या सगळं काढा. हिरवा चुडा उतरवायला घरातली मोठी माणसं कुरकुर करतील, पण बांगडीखालची कातडी धुतलीच जात नाही. कोपरापर्यंत बाह्या वर घ्या, नखं कापा, साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा. अंगठा आणि बोटांच्या बेचक्या विसरू नका. मोबाइलला हात लागला तर हात पुन्हा धुवा. कुणी हात न धुता पेटीत हात घालत असेल, मग ते मोठे डॉक्टर असले तरी, सांगायला संकोचू नका.

कांगारू पद्धतीने बाळ उघड्या छातीवर घ्यायला परवानगी मिळाली की दिवसाला आठ तास किंवा त्याहून जास्त घ्या, वडिलांनीही. बाळ ऊबदार राहतं, आईचं दूध वाढतं, संसर्ग कमी होतात. सर्दी-खोकला असलेल्याने मात्र त्या दिवशी लांब राहावं.

काय दिसलं की तात्काळ सांगायचं

पोट फुगून ताठ, चकचकीत किंवा निळसर-लालसर दिसणं. हिरवी उलटी, किंवा नळीतून हिरवं पाणी येणं. शीमध्ये रक्त दिसणं. नेहमीपेक्षा सुस्ती, श्वास थांबणं, अंग गार पडणं. कमी दिवसांच्या बाळाला ताप येईलच असं नाही. थंड पडणं हीच धोक्याची खूण असू शकते. पाजताना नुसतं थोडं दूध बाहेर आलं म्हणून घाबरायचं कारण नसतं, हिरवा रंग मात्र कधीच ‘गॅस’ नसतो.

संशय आला की दूध बंद करतात, पोटातली हवा-पाणी नळीने काढतात, शिरेतून पोषण आणि अँटिबायोटिक देतात, आणि एक्स-रे काढतात. आतड्याच्या भिंतीत हवा दिसली तर निदान पक्कं. पोटात मोकळी हवा म्हणजे भोक, तेव्हा शल्यचिकित्सक लागतो. दूध बंद राहिलं तरी आईने काढत राहायचं, नाहीतर बाळ बरं होईल तेव्हा दूध नसेल. एक प्रश्न विचारायला हरकत नाही: रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या तपासणीत) काही वाढलं नाही आणि बाळ ठीक आहे, तर अँटिबायोटिक कधी थांबेल? विनाकारण लांबवलेलं अँटिबायोटिकही एनईसीचा धोका वाढवतं.

घरी आल्यावर

गुटी, मध, साखरपाणी, ग्राइप वॉटर: सहा महिने काही नको, मध तर वर्ष होईपर्यंत नको. सहाण कितीही घासली तरी निर्जंतुक नसते. नाळेला हळद-तेल लावू नका, कोरडी राहू द्या. नाका-कानात तेल नको, धुरी नको. बाळ नीट ओढत नसेल तर वाटी-चमचा किंवा बोंडल्याने पाजा. बाटलीच्या बुचात जंतू लपतात.

श्वास मिनिटाला ६० पेक्षा जास्त, छाती आत ओढली जाणं, काखेतलं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ३७.५ च्या वर, दूध सोडणं, हिरवी उलटी: यापैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. बाळाला छातीशी धरूनच न्या, डिस्चार्ज कार्ड घ्या, आणि डागाळलेलं लंगोट किंवा दुपटं धुऊन न टाकता सोबत ठेवा. डॉक्टरांना रंग प्रत्यक्ष दाखवता येईल.