नवं मॉडेल लोकांच्या हातात पडू द्या, मग जुनं घ्या

नवा कॅमेरा जाहीर झाला रे झाला की जुन्याची चौकशी सुरू होते. घाई नडते ती इथेच. नवा हातात येईपर्यंत कोणी कामातला कॅमेरा विकत नाही. सोनी ए-७ थ्री जाहीर झाला फेब्रुवारी २०१८ मध्ये, त्याच्या पुढचा ए-७ फोर ऑक्टोबर २०२१ मध्ये. अशा वेळी घोषणेची तारीख सोडा, आपल्याकडे डिलिव्हरी कधी सुरू झाली ते बघा. त्यानंतर साधारण दोन-अडीच महिने जुन्या बॉडींच्या (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) जाहिराती वाढत जातात आणि विकणारेच एकमेकांचा भाव पाडतात.

जुन्याच मॉडेलचा सीलबंद पीस हवा असेल तर गणित उलटं. दुकानदार स्टॉक काढायला सूट देतो तेव्हाच उचला. उत्पादन थांबलं की उरलेले पीस स्वस्त होतीलच असं नाही, आणि शेवटचा पीस बऱ्याचदा काउंटरवर हाताळलेला असतो. त्याचाही शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते, विचारा.

भाव किती उतरतोय ते अंदाजाने ठरवू नका. दर रविवारी एकाच मॉडेलच्या पाच जाहिराती वहीत टिपा: मागितलेला भाव, शटर काउंट, बिल आहे की नाही. सगळ्यात महागडी जाहिरात मोजू नका, ती महिनोन्महिने तशीच पडून असते. समजा तीन महिन्यांपूर्वी ९९,००० होते, आज ९०,००० आहेत; म्हणजे महिन्याला ३,००० उतरले. तुम्ही महिन्यात दोनदा दीड-दीड हजार भाडं भरून बॉडी आणत असाल तर थांबून काहीच सुटत नाही. भाड्याचा खर्च नसेल तर उतार महिन्याला एक टक्क्याच्या आत येईपर्यंत थांबा. काही मॉडेलं मात्र हे गणित मानत नाहीत. फुजीच्या एक्स-१००व्हीचा तुटवडा झाला तेव्हा वापरलेला पीस मूळ किमतीच्या वर गेला होता.

ठाणे-नवी मुंबईत हंगामही बघावा लागतो. चातुर्मासात लग्नं थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा धावपळ. ऐरोली-सीवूड्सचे फ्लेमिंगो पावसाच्या तोंडावर निघून गेले की लांब झूम लेन्सही कपाटात जातात. म्हणून घासाघीस करायला जून अखेर ते ऑगस्ट बरा. अडचण एकच, खाडीकाठच्या दमट हवेत लेन्सला फंगस धरते ती नेमकी याच दिवसांत.

तेव्हा स्टेशनबाहेर उभ्या-उभ्या व्यवहार नको. ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी भेटा, बसायला जागा आणि वर मोकळं आकाश मिळतं. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा ठेवून लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे सुटे ठिपके चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स परत द्या. साफ केली तरी कोटिंगवर डाग राहू शकतो. मग एफ-१६ वर, म्हणजे तेच छिद्र बारीक करून, फोकस मुद्दाम बिघडवून, आकाशाचा फोटो काढा आणि झूम करून चारही कोपरे तपासा. दुसऱ्या फोटोतही जागेवरून सरकत नाहीत असे काळे डाग म्हणजे सेन्सरवरची (फोटो टिपणाऱ्या चिपवरची) धूळ, ती साफ होते. ओरखडा असेल तर निघा. झाकण लावून दोन सेकंदांचं एक्सपोजर घेतलं की जळके पिक्सेल (सेन्सरवरचे बिघडलेले बिंदू) रंगीत ठिपके होऊन दिसतात.

शटरचं आयुष्य कंपनीने सांगितलेलं असतं. ए-७ थ्रीचं साधारण दोन लाख क्लिक. दीड लाख झालेल्या बॉडीत शटर बदलायचा खर्च भावातून वजा करायलाच हवा. फक्त व्हिडिओसाठी वापरलेल्या बॉडीचा काउंट कमी दिसतो, म्हणून चार्जिंग आणि एचडीएमआयचं पोर्ट केबल लावून हलवून बघा. कॅनन आणि निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांत मेन्यूतच मूळ बॅटरीची अवस्था कळते.

बॉडी, बिल आणि बॉक्स, तिन्हींवरचा सीरियल नंबर जुळला पाहिजे. बिलच नसेल तर भाव कितीही पडलेला असो, घेऊ नका.

घरी आणल्यावर कातडी बॅगेत ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा डबा, ओल शोषणारं सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर सरकला की जेल बदला किंवा वाळवून परत टाका.