रोग (rogue) बनवताय? मग धनुष्य की खंजीर, ते असं ठरवा

नवीन गेम टाकला, कॅरेक्टर क्रिएशनला रोग क्लास, म्हणजे लपूनछपून मारणारं पात्र, निवडला की तिथेच गाडी अडकते. लांबून बाण मारणारा करू की जवळ जाऊन पाठीत खुपसणारा? मग माणूस हत्यारांचे आकडे बघत बसतो, याचं डॅमेज जास्त का त्याचं जास्त, आणि दोन तास तिथेच जातात. हत्यारात फार काही नसतं हो. रोगचं खरं डॅमेज एका अटीवर चालतं आणि ती अट तुम्हाला जवळून जास्त वेळा जमते का लांबून, यावरच बिल्ड, म्हणजे पात्राची घडण, ठरवायचा.

हिशोबच करून बघू. बाल्डर्स गेट ३ घ्या, २०२३ चा, तो डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलवर फाशांनी खेळायच्या गेमच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर बेतलाय त्यामुळे आकडे उघड दिसतात. पाचव्या लेव्हलचा रोग, डेक्स (चपळाई) १८, म्हणजे +४. हातात रेपियर (पातळ तलवार), डी८ चं म्हणजे आठ बाजूंच्या फाशाचं हत्यार, सरासरी साडेचार अधिक चार म्हणजे साडेआठ. त्यावर स्नीक अटॅकचे, म्हणजे ती अट जुळली की मिळणारे जादा, तीन डी६, सरासरी साडेदहा. झाले १९. आता त्याच गड्याच्या हातात शॉर्टबो द्या, डी६ चे साडेतीन, अधिक चार, अधिक तेच साडेदहा. झाले १८. फरक एकाचा! पण स्नीक अटॅक बसलाच नाही तर दोघंही आठच्या आसपास येऊन पडतात आणि पार्टीतला फायटर तुमच्याकडे बघून हसतो. आणि लेव्हल वाढेल तसं हे अजून एकतर्फी होत जातं, अकराव्या लेव्हलला स्नीक अटॅकचेच सहा डी६ होतात, म्हणजे सरासरी २१.

मग अट काय आहे? हल्ल्याला ॲडव्हांटेज (नेमाचा फासा दोनदा टाकून मोठा धरायचा) पाहिजे, नाहीतर शत्रूच्या दीड मीटरच्या आत तुमचा एखादा साथीदार उभा पाहिजे. आणि डिसॲडव्हांटेज (दोनातला लहान फासा धरायचा) असेल तर साथीदार शेजारी असून पण उपयोग नाही. शेवटचं वाक्य धनुष्यवाल्यांनी परत वाचा. कारण शत्रू तुमच्या अंगाला येऊन चिकटला की लांबून मारायच्या हत्याराला डिसॲडव्हांटेज लागतो, म्हणजे नेम पण बिघडला आणि स्नीक अटॅक पण गेला. बरेच जण इथेच वैतागतात, म्हणतात तिरंदाज रोगमध्ये दम नाही, पण असतात मात्र गोब्लिनच्या मांडीवर बसून बाण मारत.

आता प्रत्यक्ष टर्न कसा जातो ते बघा. दारात तुमचा फायटर उभा आहे, समोर दोन गोब्लिन. खंजीरवाला रोग पुढे जातो, फायटरसमोरच्या गोब्लिनला पहिला वार, चुकला. बोनस ॲक्शनने, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीने, डाव्या हातातल्या खंजिराचा दुसरा वार, हा लागला, आणि स्नीक अटॅक याच वारावर बसला कारण तो टर्नमध्ये एकदा मिळतो, कुठल्याही हाताने चालतो. रोगला एक्स्ट्रा अटॅक मिळत नाही त्यामुळे दुसरा हात ही चैन नाही, गरज आहे. एक वार लागायचा चान्स ६५ टक्के धरला तर दोनातला एक तरी लागायचा चान्स ८८ टक्क्यांच्या आसपास जातो. पण बोनस ॲक्शन तर गेली! आता डिसएंगेज करून, म्हणजे जाताना वार न खाता, मागे सरकता येणार नाही, तिथेच उभं राहायचं आणि दोन्ही गोब्लिनांचा मार खायचा, अंगावर हलकं चिलखत आणि एचपी बेताचे. टेबलवर २०१४ च्या नियमांनी खेळताना जवळून मारणाऱ्या रोगचं मुख्य दुखणं हेच, दुसरा वार की सुटका यातलं एकच काहीतरी.

बाल्डर्स गेट ३ मध्ये यावर औषध आहे, थीफ सबक्लास, रोगचीच एक शाखा. तिसऱ्या लेव्हलला एक जादा बोनस ॲक्शन मिळते, म्हणजे वार, वार, डिसएंगेज आणि उरलेल्या चालीत परत फायटरच्या मागे. फक्त जाताना अख्खी चाल संपवू नका, ९ मीटर असतात त्यातले चार-साडेचार परतीला ठेवायचेच. ज्याला हे जमलं त्याचा खंजीरवाला रोग मरत नाही, ज्याला नाही जमलं तो दर फाइटला हीलरच्या नावाने बोंबलतो.

तिकडे तिरंदाजाचा टर्न बघा. खांबाच्या मागून बाहेर, बाण सोडला, परत खांबाच्या मागे आणि बोनस ॲक्शनने हाइड. शत्रूच्या लाल नजरेच्या पट्ट्यात आला नाहीत तर पुढच्या टर्नला लपून मारल्याचा ॲडव्हांटेज तयार. साथीदार कुठे उभाय याची फिकीर नाही. वर चढून बसलात तर उंचीचे +२ नेमाला मिळतात, खालून वर मारताना तेवढेच कापले जातात, त्यामुळे लढाई सुरू व्हायच्या आधी शिडी, छप्पर, कडा काय आहे ते बघून ठेवायची सवय लावा. दोन हातात दोन हँड क्रॉसबो घेतले तर लांबून पण दुसरा वार मिळतो, आणि थीफ असाल तर तिसरा, तिथे एक तरी लागायचा चान्स ९५ च्या वर जातो. माझ्या मते त्या गेममध्ये रोगचा सगळ्यात कमी डोकेदुखीचा बिल्ड हाच. एक गोष्ट बघून घ्या, रिॲक्शनच्या यादीत स्नीक अटॅक विचारून वापरायचा की आपोआप ते सेट करता येतं. विचारून ठेवा, नाहीतर मरायला टेकलेल्या किरकोळ गोब्लिनवर सगळे फासे उधळले जातात.

मग खंजीर घ्यायचाच कशाला? एक, टेबलवरच्या नियमात स्नीक अटॅक टर्नला एकदा आहे, राउंडला (सगळ्यांचे टर्न मिळून एक फेरी) एकदा नाही. शत्रू तुमच्यापासून पळायला लागला आणि तुम्ही ऑपॉर्च्युनिटी अटॅक मारला तर तो त्याचा टर्न असतो, अट जुळली तर परत स्नीक अटॅक. हे धनुष्याने होत नाही. दोन, अरुंद भुयारं आणि वळणावळणाच्या खोल्या असलेला गेम असेल तर लांब पल्ला नुसता कागदावर राहतो, दार उघडलं की शत्रू नाकासमोर. तीन, पार्टीत आधीच एक विझार्ड, एक रेंजर आणि मागे उभा क्लेरिक असेल तर पुढे एकटा फायटर सगळ्यांचा मार खातोय, तिथे चौथा माणूस मागे जाऊन उभा राहिला तर शत्रू सरळ मागच्या रांगेत घुसतात. अशा पार्टीत खंजीरच घ्या, मजा असो नसो. उलट दोन दांडगे पुढे असतील तर प्रत्येक शत्रूच्या शेजारी कोणीतरी आपला उभा असतोच, मग तिरंदाजाला लपायची पण गरज उरत नाही.

सगळ्या गेममध्ये हेच लागू होईल असं धरू नका, अट बदलली की उत्तर बदलतं. डी अँड डीच्या साडेतीनव्या आवृत्तीत लांबून स्नीक अटॅक फक्त ३० फुटांच्या आत चालायचा आणि फ्लँकिंग, म्हणजे शत्रूला दोन बाजूंनी घेरणं, जवळच्या हत्यारानेच व्हायचं, तिथे खंजीरवाल्याचं पारडं उघड जड. स्कायरिमला तर अट म्हणजे नुसतं न दिसणं, आणि बक्षिसात मोठी तफावत आहे. लपून मारलेल्या धनुष्याला दुप्पट, पर्क (लेव्हल वाढली की निवडायची खास कला) घेतल्यावर तिप्पट. एकहाती हत्याराला तिप्पट, पर्कने सहापट. आणि असॅसिन्स ब्लेड पर्क घेतल्यावर खंजिराला थेट १५ पट! म्हणजे समजा १० डॅमेजचा किरकोळ खंजीर १५० मारून जातो आणि ४० चं भारी धनुष्य १२० वर थांबतं. तरी सगळे तिथे तिरंदाजच का होतात, तर झोपलेल्या किंवा पाठमोऱ्या माणसापर्यंत न दिसता पोचायला स्नीक स्किल चांगलं वाढवावं लागतं, आणि एकदा दिसलात की तो १५ चा गुणाकार गायब, हातात उरतो बुटका खंजीर. शिवाय डोक्यावर ड्रॅगन घिरट्या घालत असताना खंजीर घेऊन काय करणार, त्यामुळे तिथे खंजीरवाल्याने पण पाठीवर एक धनुष्य ठेवायचंच.

डायब्लो ४ मध्ये हा वाद हत्यारांचा राहतच नाही, रोगच्या अंगावर दोन्ही असतात, जोडीची हत्यारं आणि धनुष्य किंवा क्रॉसबो. तिथे स्किल निवडायचं. ट्विस्टिंग ब्लेड्स घेतलं तर गर्दीत घुसून परत बाहेर यायची हौस पाहिजे, कारण पाती तुमच्याकडे परत येताना वाटेतल्यांना कापतात. रॅपिड फायर किंवा पेनिट्रेटिंग शॉट घेतलं तर रांगेत उभे शत्रू शोधायचे. रिअल टाइम गेम आहे, त्यामुळे तुमचा हात किती चपळ हे पण मोजा, सारखं चुकवत राहायचा कंटाळा येत असेल तर लांबूनच बरे.

तरी ठरत नसेल तर डोकं आपटू नका. बाल्डर्स गेट ३ मध्ये दोन्ही प्रकारांना डेक्सच लागतं, जवळचं आणि लांबचं हत्यार एकाच वेळी अंगावर ठेवता येतं, त्यामुळे पहिल्या तीन लेव्हलपर्यंत दोन्ही वापरून बघा आणि स्नीक अटॅक कशाने जास्त वेळा बसतोय तेवढं लक्षात ठेवा. चौथ्या लेव्हलला फीट, म्हणजे एखादं खास कौशल्य, निवडताना मात्र ठरवावं लागतं. शार्पशूटर नेमातून पाच कापून डॅमेजला दहा देतो, लांबच्याच हत्याराला, आणि तो घेतल्यावर परत खंजिराकडे वळणं म्हणजे फीट वाया. नेम अजून कच्चा असेल तर त्याच्या आधी डेक्स वाढवा. आणि घेऊन चुकलंच तर तळावरच्या विदर्स नावाच्या पात्राला १०० गोल्ड द्या, तो सगळं पहिल्यापासून वाटून देतो, अगदी क्लाससकट.