विंडोजवरची स्क्रिप्ट लिनक्सवर नेली आणि फाइल गायब

विंडोजवर दोन वर्षं बिनतक्रार चालणारी माझी पायथन स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर नेली. एकही एरर आली नाही, पण आउटपुटचं फोल्डर रिकामं. स्क्रिप्ट जिथून चालवली होती तिथल्या फाइल्सची यादी काढली तेव्हा उलगडा झाला. फोल्डरचं नाव, मग उलटा स्लॅश (\), मग फाइलचं नाव, असं सगळं मिळून एकच लांबलचक नाव असलेली फाइल तिथे पडली होती! विंडोजवर उलटा स्लॅश फोल्डर वेगळे करतो. लिनक्सवर ते नावात चालणारं साधं अक्षर आहे. अशा चुपचाप चुका मला एररपेक्षा जास्त घातक वाटतात.

मग स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) जोडून पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, बनवणाऱ्या सगळ्या ओळी काढल्या आणि पाथलिब हे पाथ हाताळणारं पायथनचं मॉड्यूल वापरलं. पायथन ३.४ पासून ते सोबतच येतं. पाथला भागाकाराच्या चिन्हाने (/) पुढचं नाव जोडायचं, कुठला स्लॅश लावायचा ते तेच ठरवतं. सेटिंग्जच्या फाइलमधले पाथ सुटले होते. तिथे सरळ स्लॅश लिहिले, पायथनमधून विंडोजलाही ते चालतात.

तरी एक फाइल सापडेना. कोडमध्ये सगळी अक्षरं स्मॉल, डिस्कवर पहिलं कॅपिटल. विंडोज सहसा हा फरक मानत नाही, लिनक्स मानतं. विंडोजवर फाइलचं नाव बदललं, पण गिटने, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने, त्याची दखलच घेतली नाही. गिटच्याच ‘गिट एमव्ही’ या कमांडने नाव बदललं तेव्हा कुठे नोंद झाली. आता प्रत्येक बदलानंतर चाचण्या दोन्ही सिस्टिमवर चालवतो.