प्रदर्शनातलं राजकारण आणि नव्या क्युरेटरच्या नेहमीच्या चुका

नव्या क्युरेटरांच्या, म्हणजे प्रदर्शनं आखणाऱ्या-मांडणाऱ्यांच्या, कार्यशाळेत पहिल्या तासाला मी एकच काम देते. आपापल्या प्रदर्शनाचा आराखडा काढा आणि त्यात राजकारण जिथं जिथं दिसतं तिथं पेन्सिलीनं फुली मारा. जवळजवळ सगळ्या फुल्या दाराजवळच्या मोठ्या मजकुरावर पडतात. तीन ओळींच्या लेबलावर, उसनवारीच्या करारावर, मानधनाच्या तक्त्यावर एकही नाही. गडबड मात्र नेमकी तिथंच होते.

‘मानलं जातं’, ‘प्राप्त झालं’

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, कारण ती दिसायला सभ्य असते. वाघनखांचंच बघा. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. तीन वर्षांसाठी, उसनी. बोलण्यात मात्र ‘परत आली’ हेच रूढ झालं. ‘उसनी’ म्हटलं की मालकी लंडनची, ‘परत’ म्हटलं की आपली. लेबल लिहिणाऱ्याला दोन्हींतला एक शब्द निवडावाच लागतो, आणि निवडला की बाजू घेतली गेली.

आता ही वाघनखं ज्या पेटीत ठेवलेली असत तिच्यावरचा इंग्रजी मजकूर वाचा. शिवाजीनं ‘मोगल’ सेनापतीला मारलं ते हे शस्त्र. जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, असताना पेशव्यांच्या पंतप्रधानानं ते त्याला दिलं, असा त्याचा आशय. अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. आणि पेशवा म्हणजे मुळात छत्रपतींचा पंतप्रधान. त्याचा आणखी पंतप्रधान कुठला? म्हणजे प्रतापगडावर काय घडलं याचा हा पुरावा नाही. डफच्या घराण्यात काय सांगितलं जात होतं, एवढाच त्याचा अर्थ. ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं खुद्द लंडनचं म्युझियमही म्हणतं.

इथं घाबरलेला क्युरेटर ‘महाराजांची मानली जातात’ असं लिहून सुटतो. मानतं कोण? कर्ता गाळला की जबाबदारीही गळते. इलाज सोपा आहे, फक्त धीर लागतो: कोण काय म्हणतं ते नावानिशी लिहा. पेटीवर हे लिहिलंय, म्युझियमचं म्हणणं हे, करार असा आहे. जाता जाता आणखी एक. मराठी लेबलात ‘शिवाजी महाराज’ आणि शेजारच्या इंग्रजीत नुसतं ‘शिवाजी’, हे कुणीच ठरवलेलं नसतं, आपोआप घडतं. आधी ठरवा.

धक्क्याची नक्कल

१९९२ मध्ये अमेरिकन कलाकार फ्रेड विल्सननं बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहालयात चांदीच्या नक्षीदार भांड्यांशेजारी गुलामांच्या बेड्या ठेवल्या आणि लेबल लावलं, ‘धातुकाम, १७९३–१८८०’. हे ऐकलं की कार्यशाळेतलं कुणीतरी पैठणीशेजारी केरसुणी ठेवायला निघतंच. विल्सनच्या मांडणीला धार होती, कारण बेड्या आणि भांडी दोन्ही त्याच संस्थेच्या संग्रहातली होती. तुमची केरसुणी कालच बाजारातून आणलेली असेल, तर तुम्ही आरोप नक्की कुणावर करताय? आधी स्वतःच्या भांडारात जा. नोंदवही वाचा. कुठल्या वस्तूला देणगीदाराचं नाव आहे आणि घडवणाऱ्या तांबटाचं नाही, ते बघा.

‘वारली चित्र, कलाकार अज्ञात’

कलाकार अज्ञात नसतो, बहुतेक वेळा आपण विचारलेलं नसतं. वारली लग्नातला चौक, म्हणजे विधीचं चित्र, भिंतीवर सवाशिणी काढत. जिव्या सोमा म्हसे यांनी विधीपलीकडे रोज चित्रं काढायला सुरुवात केली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही डहाणू-तलासरीकडून आलेल्या आजच्या कागदावरच्या चित्राला फक्त जमातीचं नाव लागतं आणि शेजारच्या मुंबईकर चित्रकाराला नाव, आडनाव, जन्मसाल मिळतं. नाव, पाडा, साल लिहा. मानधनाचा आकडाही त्याच तक्त्यात, त्याच दरानं.

‘उद्घाटनानंतर बघू’

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये कलाकार हान्स हाकेचं प्रदर्शन संचालक थॉमस मेसर यांनी ऐनवेळी रद्द केलं. मॅनहॅटनमधल्या घरमालकीचा हिशेब त्यात सार्वजनिक नोंदींतून मांडला होता. क्युरेटर एडवर्ड फ्राय कलाकाराच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यांची नोकरी गेली. २०२२ च्या डॉक्युमेंटात, म्हणजे जर्मनीतल्या कासेलच्या मोठ्या कलाप्रदर्शनात, तारिंग पाडी या इंडोनेशियन गटाचं २००२ मधलं बॅनर ज्यूविरोधी चित्रांमुळे आधी झाकावं लागलं, मग उतरवावं लागलं. दोन्ही प्रकरणं एकसारखी नाहीत. पहिल्यात मी फ्रायच्या बाजूची आहे, दुसऱ्यात उतरवणाऱ्यांच्या. पण तयारी दोन्हीकडे एकच हवी: प्रत्येक काम या गावात, या साली कसं वाचलं जाईल हे आधी कुणी वाचलं, आणि काढायचं की ठेवायचं हे कोण ठरवणार, ते लेखी हवं. माझ्या एका प्रदर्शनात पाहुणे यायच्या अर्धा तास आधी एक फलक भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला. कुणी सांगितलं, हे आजही कुणी सांगत नाही, कारण कागदावर काहीच नव्हतं.

शेवटची तपासणी मी गॅलरीतल्या अटेंडंटकडून करून घेते. लेबलं छापायला जाण्याआधी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. गेल्या वेळी ‘संग्रहास प्राप्त’ या शब्दांवर त्यांनी मला थांबवलं. “प्राप्त म्हणजे, मॅडम? दिली, विकली, का उचलून आणली? लोक मलाच विचारणार.” ते लेबल त्या दिवशी छापायला गेलं नाही.